पत्ते न पिसणाऱ्या ललिताबाई

सोसायटीचे सेक्रेटरी संभाजीराव जगताप यांनी ललिताबाई रणपिसे यांना जे पत्र दिले, त्यावर जावक क्रमांक होता. दोघांची दारे समोरासमोर. रोज सकाळी दूध घेताना "काय काकू, पाणी आलं का?" असे विचारणारा हा मुलगा त्या सकाळी दुधाच्या पिशवीसोबत पत्र घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, इथं पोच म्हणून सही करा. आणि थोडा कढीपत्ता असेल तर द्या, आई मागतीय."

ललिताबाईंनी आधी कढीपत्ता दिला, मग चष्मा लावला. पत्रात म्हटले होते की फाटकाजवळच्या खोलीचा वाचनालय म्हणून नियमित वापर होत असल्याचे दिसून येत नाही. समितीने तीन रविवार पाहणी केली असता खोलीबाहेर चपलांचे केवळ चार जोड आढळले. त्यांतला एक जोड वॉचमनचा असून तो सावलीसाठी बसला होता. तरी सदर खोली कुरिअरची पार्सले ठेवण्यासाठी का घेऊ नये, याबाबत वार्षिक सभेपूर्वी खुलासा करावा.

"चपला मोजल्या तुम्ही?" ललिताबाई म्हणाल्या.

"मी नाही काकू, समितीने."

"समिती म्हणजे तूच ना?"

"म्हणजे तसं आहे, पण तसं नाही," संभाजीराव म्हणाले आणि कढीपत्ता घेऊन आत गेले.

हडपसरच्या ह्या सोसायटीत अजून आंब्याची झाडे होती आणि रात्री कोल्हे ओरडत, तेव्हापासून ते वाचनालय होते. त्याची कपाटे टेलिफोन खात्यातून भंगारात निघालेल्या लाकडी खोक्यांची होती. ललिताबाईंच्या यजमानांनी, धम्मदीपरावांनी, ती स्वतः रंधा मारून केली होती. एका खोक्याच्या पाठीवर अजून 'नाजूक सामान, उलटे करू नये' असे लिहिलेले दिसे. आता धम्मदीपराव नव्हते, कोल्हे नव्हते, आंबे नव्हते. कपाटे होती. ती पार्सलांसाठी द्यायची म्हटल्यावर ललिताबाईंना जे वाटले ते पत्रोत्तरात लिहिता येण्यासारखे नव्हते. त्यांनी खुलासा लिहिला तो एका ओळीचा: 'वाचक चपलांनी मोजत नाहीत.' त्यालाही जावक क्रमांक टाकला. पहिलाच असल्याने एक.

पण मनात त्यांना ठाऊक होते की वाचक खरेच चारच आहेत. वॉचमन धरून.

त्याच आठवड्यात नात पूर्वा ऑफिसातून एक डबी घेऊन आली. तिच्या कंपनीत नाताळला चिठ्ठ्या काढून एकमेकांना गुपचूप भेटी देतात. तिला कोणीतरी टॅरोचे पत्ते दिले होते.

"आजी, बघ, किती क्यूट आहेत!"

"हे भविष्याचे पत्ते ना? ते ह्या घरात? बाबासाहेबांच्या फोटोखाली?" ललिताबाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर घरातली सगळी भविष्यं नदीत सोडली होती, आणि तू विकत आणतेस?"

"विकत नाही गं, फुकट मिळाले."

"मग तर आणखीच वाईट."

पूर्वा डबी टीपॉयवर टाकून लॅपटॉपला चिकटली. ललिताबाईंनी दुपारची झोप होईपर्यंत संयम ठेवला. झोप काही आली नाही. त्यांनी भिंग काढले आणि डबी उघडली, फक्त शत्रूची माहिती असावी म्हणून.

पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी ऑपरेटर म्हणून उमेदीची सगळी वर्षे काढली होती. कानाला हेडफोन आणि समोर भोकांचा फळा. आयुष्यभर त्यांना आवाज भेटले, चेहरे भेटले नाहीत. मुंबईला ट्रंक कॉल लावून नुसतेच रडणारी सदाशिव पेठेतली बाई, रोज त्याच वेळी त्याच नंबरावर भांडणारा सोलापूरचा आडत्या. कोण कसा दिसत असेल, ह्या विचारात ड्युटी संपायची. आणि आता ह्या पत्त्यांवर नुसते चेहरे होते, आवाज नव्हते. पाठीवर दहा काठ्यांचा भारा घेऊन वाकून चाललेला माणूस. हातात कंदील धरलेला म्हातारा. कड्याच्या टोकावर उभा राहून आकाशाकडे बघणारा मूर्ख, आणि त्याच्या पायाशी भुंकणारे कुत्रे. ललिताबाईंना एकदम वाटले, ह्या काठ्यावाल्याचा आवाज मी ऐकला आहे. हाच तो सोलापूरचा!

मग त्यांना जे सुचले, त्याचा त्यांना शेवटपर्यंत अभिमान वाटला. अर्थात तो त्यांनी कोणाला दाखवला नाही, फक्त सगळ्यांना सांगितला.

वाचनालयाच्या रविवारच्या वाचनात तेव्हा एका निवृत्त तलाठ्याने स्वखर्चाने छापलेली साडेचारशे पानांची कादंबरी चालू होती. बालाघाटातले एक घराणे, त्यात बावीस माणसे, आणि त्यांतल्या सोळांना एकाच नावाने हाक मारलेली. दोन महिने कोणी पुढे सरकत नव्हते. रविवारी ललिताबाईंनी सगळे पत्ते टेबलावर उताणे मांडले आणि जाहीर केले, "ह्या कादंबरीतल्या एकेका माणसाला यातला पत्ता शोधायचा. पिसायचे नाहीत, ओढायचे नाहीत. डोळे उघडे ठेवून निवडायचा आणि का निवडला ते सांगायचं."

तळमजल्यावरच्या रतनताई धोत्रे वाचनालयात यायच्या त्या पंख्यासाठी. त्या दिवशी त्या खुर्चीच्या टोकाला येऊन बसल्या. "त्या थोरल्या काकाला हा सिंहासनावरचा सम्राट द्या!"

"कशाला सम्राट? सगळं घर त्यानं बुडवलं," कोपऱ्यात पेंगणारे एक आजोबा जागे होऊन म्हणाले. ते आठ वर्षांत पहिल्यांदाच बोलले होते. "त्याला द्या हा मनोरा. वीज पडून कोसळतोय तो."

"मनोरा आत्याला!"

"आत्याला कंदीलवाला!"

"आत्या बाई आहे हो."

"म्हणून काय कंदील धरू नये तिनं?"

भांडण इतके रंगले की रस्त्याने जाणारे दोघे आत आले. पत्त्यांवरून आवाज चढलेत म्हटल्यावर त्यांना वाटले, तीन पत्ती आहे. तेही बसले. पुढच्या रविवारी बाहेर चपलांचा ढीग झाला. ललिताबाईंनी खिडकीतून तो पाहिला आणि मग घरी येताना संभाजीरावांच्या दारावरून मुद्दाम हळू चालत आल्या.

इथे थांबले असते तर ही गोष्ट झालीच नसती.

सोमवारी सकाळी बी विंगमधल्या एक बाई आल्या. "ताई, जरा बघा ना. आमच्या अभिनवचं लग्न कधी जमेल?"

"मी भविष्य बघत नाही."

"पत्ते आहेत ना पण?"

"पत्ते आहेत म्हणून काय झालं? विळी आहे म्हणून मी सर्जन होते का?"

बाई हसल्या आणि बसल्याच. त्यांच्या मागून दोघे, त्यांच्या मागून आणखी. रतनताई सल्ला द्यायला सगळ्यांत पुढे. "लाल कपड्यात बांधून ठेवा हो पत्ते. उदबत्ती लावा. आणि काहीतरी दक्षिणा ठेवा, फुकटचं कुणाला पटत नाही." ललिताबाईंचा संताप संताप झाला. एके काळी गावोगाव जाऊन जिभेवर कापूर पेटवून दाखवणारी, नारळातून निघणाऱ्या करणीचे बिंग फोडणारी ही बाई, तिच्याकडे लोक अंगठीत कोणता खडा घालू असे विचारू लागले! त्यांनी त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर पाटी रंगवली आणि वाचनालयाच्या दाराला टांगली:

'येथे जिवंत माणसांचे पत्ते लावले जात नाहीत. फक्त कथेतील पात्रांसाठी. पात्र स्वतः रचून आणावे. प्रत्येकी तीन मिनिटे. पत्ते पिसण्यास सक्त मनाई.'

तीन मिनिटे हा ट्रंक कॉलचा जुना हिशेब. ललिताबाईंना वाटले, आता शांतता होईल. पुणेकराला पाटी वाचून परत जायची सवय असते.

पण ही पाटी वाचून कोणी परत गेले नाही. लोक घरी गेले आणि पात्र रचून आणू लागले.

"माझ्याकडे एक पात्र आहे," अभिनवची आई दुसऱ्या दिवशी म्हणाली. "एक बाई आहे. वय चोपन्न. तिला एक मुलगा आहे, अभि... अभिमन्यू. बंगळूरला असतो. लग्नाचं नाव काढलं की फोन कट करतो."

"ह्या बाईला काय हवं आहे?" ललिताबाईंनी विचारले. बी विंगच्या सगळ्या बाया दारात उभ्या होत्या.

"सून हवीय."

"ते झालं मुलाचं. बाईला काय हवंय?"

अभिनवची आई विचारात पडली. ह्या पात्राला काय हवे आहे, हे तिला रचता येईना. शेवटी म्हणाली, "फोन कट होऊ नये, एवढंच हवंय बहुतेक." मग तिने सगळे पत्ते न्याहाळून एक उचलला आणि म्हणाली, "ही बाई. पलंगावर उठून बसलीय आणि तोंड झाकून घेतलंय. नऊ तलवारी भिंतीवर. ही माझी... माझ्या पात्राची."

"थ्री मिनिट्स अप," ललिताबाई सवयीने म्हणाल्या. पुढच्या पात्राला मात्र त्यांनी लगेच बोलावले नाही.

त्यानंतर सोसायटीत साहित्याची लाटच आली. लिफ्टमध्ये माणसे हातात कागद घेऊन उभी राहू लागली. कोणी कोणाला "काय चाललंय?" विचारले की उत्तर येई, "नायकाच्या गुडघ्यावर काम चालू आहे." ए विंगच्या एका गृहस्थांच्या कथेत एक प्रामाणिक कारकून होता, ज्याला बावीस वर्षे प्रमोशन मिळाले नव्हते, आणि खलनायकाचे नाव त्यांनी त्यांच्या साहेबाचेच ठेवले होते. "अहो, निदान आडनाव तरी बदला," ललिताबाई म्हणाल्या. ते म्हणाले, "आडनाव बदललं तर मजा काय राहिली?" पण कारकुनाला त्यांनी पत्ता निवडला तो आठ मोहरांचा, बाकावर बसून एकेक मोहोर कोरणारा कारागीर. पत्त्यावरच्या मोहरा बोटाने मोजत ते म्हणाले, "काम चांगलं करायचो हो मी. म्हणजे, तो."

अशा वेळी ललिताबाईंना कपाटांकडे बघून सांगावेसे वाटे, ऐकताय ना? कपाटे काही बोलत नसत. पण धम्मदीपरावही हयात असताना फारसे बोलत नसतच.

आता घात कुठे झाला ते सांगायला हवे.

एका मंगळवारी दुपारी संभाजीरावांच्या आई यमुनाबाई आल्या. मूळच्या फुरसुंगीच्या, शेतात वाढलेल्या, आवाज असा की एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जावा. त्या दिवशी मात्र कुजबुजत होत्या.

"ललिता, मला लिव्हायला येत न्हाई. मी सांगते, तू लिही. एक म्हातारी हाय. तिची सून लई शिकलेली, ब्यांकेत. सैपाकघरात त्या सुनेनं एक यंत्र बसवलंय धूर ओढायचं. घोंऽऽ करतंय नुसतं. म्हातारीला फोडणीचा वासच येत न्हाई. वासाबिगर तिला कळंना, भाजी झाली का न्हाई ते. म्हणून ती यंत्र बंद करती. की सून येऊन चालू करती."

"आणि मुलगा?"

"त्याचं नाव रंगनाथ ठिवलंय मी. तो दारात उभा ऱ्हातो न् म्हणतो, दोघींचंबी बरोबर हाय." यमुनाबाईंनी टेबलावर वाकून एक पत्ता बोटाने दाबला. डोळ्यांना पट्टी, छातीवर हात आडवे दुमडलेले आणि दोन्ही हातांत एकेक तलवार. "बाई हाय ही. पर बसलीया अगदी आमच्या रंगनाथासारखी. दोन्ही हातांत वझं, हलायची सोय न्हाई."

शनिवारी बँक सुटल्यावर त्यांची सून सुरुची आली. टाइप करून आणलेली कथा. नायकाचे नाव समीर. सासूच्या हाती स्वयंपाकघर, सुनेच्या हाती चिमणीचे बटण. सून दमून येते, डोळ्यांत धूर जातो, चालू केलेली चिमणी बंद होते. समीर दारात उभा राहून म्हणतो, दोघींचंही बरोबर आहे. सुरुचीने पत्ते बघितले आणि तोच उचलला. दोन तलवारी, डोळ्यांना पट्टी.

ललिताबाईंनी तो पत्ता परत जागेवर ठेवला. ऑपरेटरचा पहिला धडा, तारेत ऐकलेले तारेतच ठेवायचे. तो त्यांनी कधी मोडला नव्हता, त्या दिवशीही मोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी रविवारच्या बैठकीत उत्तम कथा नावे न सांगता वाचून दाखवायच्या ठरल्या होत्या. आणि ललिताबाईंनी, वाङ्मयीन गुणवत्तेखातर, त्या दोन्ही निवडल्या. नावे बदललेली आहेत, मग कोणाला काय कळणार? असे त्यांना वाटले. चुकले ते इथे. त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरची जगतापांची चिमणी चालू-बंद होताना फाटकापर्यंत ऐकू यायची.

पहिल्या कथेत 'घोंऽऽ' आल्याबरोबर खोलीत खसखस पिकली. दुसऱ्या कथेत 'समीर दारात उभा राहिला' इतके वाचले आणि सबंध खोली एका सुरात म्हणाली, "दोघींचंही बरोबर आहे!"

यमुनाबाई उठल्या. "ही म्हातारी मी न्हाई!"

"मग तुम्ही का चिडता, आई?" सुरुची दुसऱ्या टोकाकडून म्हणाली.

"अन् ती सून तू न्हाईस तर तू का उठलीस?"

दोघी वेगवेगळ्या वाटांनी घरी गेल्या. दार मात्र एकच असल्याने तिथे पुन्हा भेटल्या. त्या आठवड्यात जगतापांच्या घरी चिमणी वाजली नाही, कारण फोडणीच पडली नाही. संभाजीराव तीन दिवस कोपऱ्यावर मिसळ खाऊन राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या पित्ताने दुसऱ्या पत्राचे रूप घेतले.

सदर खोलीत भविष्यकथनासारखे प्रकार चालत असल्याची, त्यामुळे सभासदांच्या कौटुंबिक शांततेचा भंग होत असल्याची तोंडी तक्रार प्राप्त झाली आहे. तक्रारदाराचे नाव गोपनीय ठेवण्यात येत आहे. सबब पंचनामा करण्यात येईल.

पंचनाम्याला स्वतः संभाजीराव आले. टेबलावरच्या पत्त्यांकडे बघितल्यासारखे न करता सर्वांत जवळचा पत्ता उचलला, पालथाच कागदाला स्टेपल केला आणि खाली लिहिले 'परिशिष्ट अ'. पूर्वाला कळले तेव्हा ती किंचाळली, "स्टेपल? आजी, तो सेट आहे! सीरियसली?"

ललिताबाईंना स्टेपलचे दुःख नव्हते. भविष्यकथन हा शब्द त्यांना लागला होता. त्या रात्री जेवल्या नाहीत. बाबासाहेबांच्या फोटोला पाठ करून बसल्या, हे पूर्वाने पाहिले आणि काही न बोलता त्यांच्या ताटात वरण-भात कालवून ठेवला.

त्यातच पुढच्या रविवारी टोपी, गॉगल आणि मास्क घातलेला एक उंच इसम रांगेत येऊन बसला. पाळी आल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माताजी, माझं बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. चालत नाही. काही उपाय सांगा."

ललिताबाईंनी पहिल्या शब्दालाच ओळखले. आवाज त्यांच्यापासून लपवून नेणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. हे ज्ञानदेव साबळे, अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांतले त्यांचे जुने सोबती. बुवा-बाबांचे बिंग फोडताना ते दुःखी भक्त व्हायचे आणि ललिताबाई त्यांची बायको. भविष्यकथनाची आवई कानावर जाऊन आज तोच भक्त ललिताबाईंचे बिंग फोडायला आला होता! खिशातून मोबाइलचा डोळा बाहेर डोकावत होता.

"पाटी वाचली नाही का?" ललिताबाई थंडपणे म्हणाल्या. "जिवंत माणसांचं इथं काही सांगत नाही. पात्र असेल तर बोला."

"पात्र नाही."

"मग रचा. रांग मोठी आहे."

ज्ञानदेव गोंधळले. आयुष्यात त्यांनी अहवाल सोडून काही लिहिले नव्हते. "एक... माणूस आहे," ते म्हणाले. "म्हातारा. त्याचं सगळं व्यवस्थित चालू आहे."

"मग कथा कशाला? काय करतो तो सकाळी?"

"चहा करतो."

"किती?"

"दोन कप." ज्ञानदेव थांबले. "म्हणजे एकच लागतो आता. पण आधण ठेवताना हात दोन कप ठेवतो. मग दुसरा तो ओतून देतो."

ललिताबाईंनी पत्ते त्यांच्याकडे सरकवले. ज्ञानदेवांनी गॉगल काढला आणि टेबलावरून नजर फिरवत एका पत्त्यापाशी थांबले. काळी शाल पांघरून उभा असलेला माणूस, समोर तीन पेले सांडलेले.

"हा," ते म्हणाले.

"मागे बघा," ललिताबाई म्हणाल्या.

त्या माणसाच्या पाठीमागे दोन पेले उभे होते. न सांडलेले.

ज्ञानदेव ते बघत राहिले. तीन मिनिटे केव्हाच होऊन गेली होती, पण त्या दिवशी ललिताबाई वेळ संपल्याचे म्हणाल्या नाहीत. शेवटी ज्ञानदेवांनी मास्क काढून खिशात घातला, त्याच खिशातला मोबाइल बंद केला आणि म्हणाले, "ललिताबाई, तुम्ही ओळखलंत केव्हा?"

"माताजी म्हणालात तेव्हाच. भक्त म्हणून तुम्ही तेव्हाही फार वाईट काम करायचात."

वार्षिक सभा पार्किंगमध्ये भरली. भाड्याच्या लाल खुर्च्या, पाठीमागे झाकलेल्या दुचाक्या आणि अध्यक्ष म्हणून सर्वांत ज्येष्ठ सभासद. खोलीचा विषय सर्वांत शेवटी होता. तोपर्यंत पाण्याच्या टाकीवर दीड तास बोलणे झाले. खडकवासल्यात किती पाणी आहे, इथपर्यंत चर्चा जाऊन आली.

मग संभाजीराव उभे राहिले. खोली पार्सलांना द्यावी असा ठराव वाचला. ऑनलाइन सामान मागवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानदेव उठून म्हणाले, "मी बाहेरचा आहे, पण समितीने भविष्यकथन असा शब्द लिहिलाय म्हणून बोलतो. मी ह्या बाईंना पकडायला आलो होतो. चाळीस वर्षं ह्याच कामात गेली माझी. ह्यांनी मला पुढे काय होईल ते सांगितलं नाही. मागे काय राहिलंय ते माझं मला बघायला लावलं. हा गुन्हा असेल तर प्रत्येक पुस्तक हा गुन्हा आहे."

हे वाक्य आपण म्हणायला हवे होते, असे ललिताबाईंना वाटले. पण आपल्यामुळे कोणीतरी म्हटले, हेही काही कमी नव्हते.

हात वर झाले. अध्यक्षांनी दोनदा मोजले. जितके पार्सलांना, तितकेच वाचनालयाला. ललिताबाईंच्या डोळ्यांसमोर खोक्यांची कपाटे आली, त्यांवर चढलेले खाकी पुठ्ठे आले.

"सेक्रेटरींनी अजून मत दिलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "बोला जगताप."

संभाजीरावांनी घसा खाकरला. पहिल्या रांगेत एका टोकाला आई बसली होती, दुसऱ्या टोकाला बायको. मध्ये चार खुर्च्या रिकाम्या.

"माझ्या मते," संभाजीराव म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे."

पार्किंग हादरले. झाकलेल्या दुचाक्यांमधली एक अलार्म वाजवू लागली. माणसे खुर्च्यांवरून खाली आली. संभाजीरावांना कशाचे हसू चाललेय कळेना. त्यांनी आधारासाठी हातातली फाइल उघडली, तर समोर परिशिष्ट अ. पालथा स्टेपल केलेला पत्ता त्यांनी पहिल्यांदाच उलटून पाहिला. पिन त्यावरच्या बाईच्या डोळ्यांवरच्या पट्टीतून आरपार गेली होती. दोन्ही हात तलवारींत अडकलेले. पाठीमागे समुद्र, आणि हिला त्याचा पत्ता नाही.

"हे... हे कोण?" ते म्हणाले.

"आरं, आता तरी पट्टी काढ की डोळ्यांवरची!" यमुनाबाई एका टोकाने ओरडल्या.

"अहो, एक तरी तलवार खाली ठेवा!" दुसऱ्या टोकाने सुरुची.

दोघींनी चमकून एकमेकींकडे पाहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या एका बाजूने बोलल्या होत्या.

संभाजीराव आईकडे बघत राहिले, मग बायकोकडे. मग त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, त्यामुळे एक हात मोकळा झाला. तो मोकळा हात बघून त्यांनाच नवल वाटल्यासारखे दिसले. त्यांनी तो वर केला.

"वाचनालयाला," ते म्हणाले. "आणि चिमणीचं... चिमणीचं मी आज घरी गेल्यावर सांगतो."

"काय सांगतोस?" यमुनाबाईंनी विचारले.

"फोडणी पडेपर्यंत बंद, त्याच्यानंतर चालू."

ललिताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या उठल्या, संभाजीरावांच्या जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "पत्ता परत दे. पिन तूच काढ."

पार्सले आता जिन्याखाली ठेवतात. यमुनाबाईंनी वाचनालयात अक्षरे गिरवायला सुरुवात केली आहे, आणि त्यांची शिक्षिका सुरुची आहे. हे दोघी घरी एकमेकींना सांगत नाहीत, पण सोसायटीत सगळ्यांना सांगतात. ज्ञानदेव रविवारी थर्मासमधून दोन कप चहा आणतात आणि दुसरा कोणाला तरी देतात. तलाठ्यांच्या कादंबरीची साडेचारशे पाने पुरी झाली. आत्याला कंदीलवालाच मिळाला. आणि ललिताबाईंना रांगेतल्या नव्या माणसांना पाटी वाचून दाखवताना आपला आवाज एक्स्चेंजमधल्या दिवसांइतका खणखणीत लागतो, हे जाणवते. तो तसा लागतोही.

मागच्या सोमवारी सूचनाफलकावर समितीचे नवे पत्रक लागले. जावक क्रमांक होता, खाली संभाजीरावांची सही होती: 'वाचनालयात येणाऱ्या सभासदांच्या चपलांमुळे फाटकातून वाहने काढणे अवघड झाले आहे. तरी चपला रांगेत ठेवाव्यात.'

ललिताबाईंनी ते पत्रक चष्मा लावून वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. रविवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या, दार उघडले आणि आपली चप्पल रांगेच्या बाहेर, फाटकाच्या वाटेत अगदी मधोमध, नीट आडवी काढून ठेवली.